दिवाळीच्या सुट्टीतलं हर की दून: आधी गाडी, मग बूट, बाकीचं सांकरीत

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला हिमालयात जायचं असेल तर तारखा ती ठरवत नाही, सुट्ट्यांचं परिपत्रक ठरवतं. मे महिना किंवा दिवाळी. आम्ही दिवाळी धरली, आणि ठिकाण उत्तराखंडातली हर की दूनची दरी. आम्ही म्हणजे मी, माझ्या मोठ्या जाऊबाई (त्यांना घरात सगळे आक्का म्हणतात) आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा. आक्कांनी बावन्न पूर्ण केलीत. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे चढून येणारी बाई, पण महाराष्ट्राबाहेरचा डोंगर त्यांनी पाहिलेला नव्हता.

ट्रेक संपवून आल्यावर शाळेतल्या, भिशीतल्या, अगदी शेजारच्या गल्लीतल्या बायकाही एकच विचारतात, "किती खर्च आला गं सामानाला?" हिमालय लांब आहे, उंच आहे, थंड आहे, याची कुणाला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती सामानाच्या यादीची. इंटरनेटवर कुठलीही यादी उघडा, ती वाचून बाई आधी पर्स बघते आणि मग यादी बंद करते. हे मला मनापासून खटकतं. साताऱ्यासारख्या गावातली, पगारातून घर चालवणारी बाई हर की दूनला सहज जाऊ शकते. त्यासाठी काय विकत घ्यायचं, काय भाड्यानं आणि काय मुळीच नाही, एवढं ठरवता आलं पाहिजे. म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते.

पहिलं काम रेल्वेचं. दिवाळीत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची काय अवस्था असते ते वेगळं सांगायला नको, आणि दिवाळीमागोमाग उत्तरेकडचा छठचा सण येतो. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि छठ लगेच २५ पासून. भाऊबीज चुकवून निघायला घरातलं कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे २४ ऑक्टोबरला पुण्याहून गाडी धरायची ठरलं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण हे साठ दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. आमची गाडी गोवा एक्सप्रेस. ती वास्कोहून आदल्या दिवशी दुपारी निघते आणि पुण्याला पहाटे येते. म्हणजे पुण्याची २४ ऑक्टोबर ही वास्कोची २३ ऑक्टोबर, आणि आरक्षण २४ ऑगस्टला सकाळी आठला उघडणार. गणपतीला तीन दिवस राहिलेले, घरात मखराची तयारी, रविवार. भाचा पुण्यात लॅपटॉप उघडून बसला होता आणि मी इथं मोबाईल घेऊन. तिघांची तिकिटं कन्फर्म मिळाली. एक दिवस उशिरा बसलो असतो तर मिळालीच असती असं मला वाटत नाही.

गोवा एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीनला सोडते. तिथून नवी दिल्ली स्टेशन, आणि दुपारच्या जनशताब्दीनं रात्री देहरादून. मधल्या वेळात अंघोळ, जेवण, पाय मोकळे. रात्रीची नंदादेवी एक्सप्रेस पकडून पहाटे देहरादूनला उतरायचं आणि तसंच सांकरीची, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाची, बस गाठायची, असंही पुष्कळजण करतात. आम्ही मुद्दाम टाळलं. देहरादूनहून सांकरी जवळजवळ दोनशे किलोमीटर, सगळा घाटरस्ता: मसुरीच्या बाजूनं वर चढायचं, यमुनेकाठी उतरायचं, नौगाव, पुरोला, मग पाइनच्या जंगलातून मोरी, नैटवाड आणि शेवटी सांकरी. बसला सगळा दिवस लागतो. रेल्वेत अर्धवट झोपलेल्या माणसाला त्या वळणांवर हमखास उलटी होते, आणि ट्रेकचा पहिला दिवस त्यातच जातो. रात्री स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर झोपलो आणि सकाळी स्टेशनच्या शेजारूनच सुटणारी सांकरीची बस धरली. बस पहाटेच सुटतात, म्हणून वेळ आदल्या रात्री प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावी. रोख पैसे देहरादूनलाच काढावेत, फार तर पुरोल्यात. पुढं एटीएमच्या भरवशावर राहू नये, आणि सांकरीत भाड्याच्या सामानाची अनामत रोखच लागते.

परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवला होता. घाटात दरड आली, बस बंद पडली, कुणाला ताप आला, तर तो दिवस कामी येतो. नाहीच लागला तर देहरादून बघायचं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी घरी पोचणारं तिकीट असेल तर माणूस डोंगरातसुद्धा घड्याळ बघत चालतो.

विमानानं जाणाऱ्यांसाठी एवढंच: ट्रेकिंग पोल चेक-इनच्या सामानात टाकावे लागतात, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, आणि शेगडीचं गॅस कॅनिस्टर कशातच चालत नाही. रेल्वेतही ते न्यायला बंदी आहे.

आता सामान. आम्ही एक साधा नियम केला. जे अंगाला चिकटून राहतं ते स्वतःचं हवं: बूट, मोजे, आतले कपडे. जे वरून पांघरायचं किंवा हातात धरायचं ते भाड्यानं किंवा उसनं. पैशांपैकी निम्म्याहून जास्त बुटांवर गेले, आणि ते योग्यच होतं.

बूट ऑगस्टमध्ये घेतले. दिवाळीच्या तोंडावर घेतलेले नवे कोरे बूट घालून हिमालयात जाणारी माणसं दरवर्षी दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टाचांना फोड आलेले असतात. दुकानात संध्याकाळी गेलो, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगतात, डोंगरात फुगतात तसेच. जाड मोजे घरून घेऊन गेलो आणि ते घालूनच बूट पाहिले. बुटात पाय पुढं सरकवून बोटं टेकवायची आणि टाचेमागं आपलं एक बोट जातंय का बघायचं. जात नसेल तर तो बूट उतारावर अंगठ्याची नखं काळी करतो. आक्कांचा पंजा रुंद आहे, आयुष्य चपलेत गेलेलं. बायकांच्या मापात त्यांना एकही बूट बसेना. विक्रेता तेच तेच मॉडेल पुढं करत होता. शेवटी आक्का म्हणाल्या, "अगं, पुरुषांचा दे म्हणावं ना. डोंगराला काय कळतंय?" पुरुषांचा सहा नंबर त्यांना नीट बसला. बायकांनी हे लक्षात ठेवावं. पंजा रुंद असेल तर सरळ पुरुषांच्या मापात बघावं.

सह्याद्रीत फिरणारे आमच्याकडचे बरेचजण ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज वापरतात, स्वस्त आणि कातळावर पकड उत्तम. ऑक्टोबरातल्या हर की दूनला, बर्फ नसताना, ते चालतात असं माझं मत आहे. आम्ही मात्र घोट्यापर्यंतचे घेतले. वाट लांब आहे, दगड सुटे आहेत आणि सकाळी लाकडी पुलांवर दहिवर गोठलेलं असतं. तिथं घोटा मुरगळला तर उचलून आणायला खेचराशिवाय काही नाही.

बूट घेतल्यापासून आम्ही यवतेश्वरचा घाट, अजिंक्यतारा आणि सज्जनगडच्या पायऱ्या, सगळीकडे तेच घालून गेलो. आक्का तर भाजी आणायलासुद्धा. पावसात भिजवले, पंख्याखाली वाळवले. सप्टेंबर संपेपर्यंत बूट पायाचे झाले. नाडीची गाठही याच काळात शिकलो: चढताना वरचे हुक थोडे सैल, उतरताना टाच मागं दाबून घोट्याजवळ घट्ट, म्हणजे पाय पुढं घसरत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुने ट्रेकिंग बूट पडलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. वरून नव्यासारखे दिसणारे बूट चालता चालता तळवा सोडतात. पुष्कळ बुटांच्या मधल्या थरात पॉलीयुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणानं त्याचं हळूहळू विघटन होतं, आणि बूट वापरात नसेल तरी ते थांबत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले. निघायच्या आधी मधला थर अंगठ्यानं दाबून बघा. भुगा झाला, भेगा दिसल्या, तर तो बूट घेऊन जाऊ नका. भाड्याचे बूट घेतानाही हेच बघायचं, पण बूट भाड्यानं घेऊच नयेत असं माझं ठाम म्हणणं आहे. दुसऱ्याच्या पायानं वळण लावलेला बूट आपल्या पायाचा होत नाही.

मोजे दोन जाड, लोकरीचं मिश्रण असलेले, आणि आत घालायला पातळ. आतले कपडे पॉलिएस्टरचे किंवा लोकरीचे. सुती कपडा घामानं भिजला की वाळत नाही, आणि वर थांबल्या थांबल्या तोच गार कपडा पाठीला चिकटून थंडी भरते. आक्कांना हे पटेना, त्यांचं सगळं सुती. मी काही बोलले नाही. एका रविवारी सज्जनगडावर त्यांनी सुती घातलं, मी पॉलिएस्टर. वर पोचून अर्धा तास बसलो. माझं वाळलं, त्यांचं ओलंच. खाली उतरल्यावर त्याच म्हणाल्या, "तुझ्यासारखं दोन आण माझ्यासाठी."

लोकरीचं मात्र घरात भरपूर निघालं. आक्कांच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनीच, विणलेले दोन स्वेटर, कानटोप्या, मफलर. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. दुकानातल्या महागड्या फ्लीस जॅकेटची आम्हाला गरज पडली नाही. फुगीर जॅकेट भाच्याच्या मित्रांकडून उसनी आली.

सॅक साताऱ्यातल्या ओळखीच्या ट्रेकर्सकडून आणल्या. उसनी असो की विकतची, सॅक पाठीच्या मापानं घ्यावी लागते, लिटरच्या आकड्यावर जाऊ नये. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत टेपनं मोजायचं. माझं माप बुटकं निघालं. भाच्याची साठ लिटरची सॅक मी लावली तेव्हा कमरेचा पट्टा मांड्यांवर आला. ओझं कमरेनं पेलायचं असतं, खांद्यानं फक्त सांभाळायचं. पट्टा कमरेच्या हाडावर बसत नसेल तर ती सॅक आपली नाही. पावसासाठी सॅकच्या आत कचऱ्यासाठी मिळते तशी जाड, मोठी पिशवी घातली आणि सगळे कपडे त्यात. वरच्या रेनकव्हरपेक्षा ही आतली पिशवी जास्त खात्रीची.

स्लीपिंग बॅग सांकरीत भाड्यानं घ्यायची हे आधीपासून ठरलं होतं. इथं बायकांना एक गोष्ट कुणीतरी सांगायलाच हवी. चांगल्या बॅगेवर तापमानाचे आकडे छापलेले असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. आंतरराष्ट्रीय मानकात कम्फर्टचा आकडा प्रमाण स्त्रीसाठी धरलेला आहे, लिमिटचा प्रमाण पुरुषासाठी, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल इतपत. दुकानदार बऱ्याचदा सगळ्यात थंड आकडा सांगतो. आपण कम्फर्टच बघायचा. हर की दून सुमारे ३,५६६ मीटरवर आहे, ऑक्टोबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून आम्ही उणे पाचच्या आसपास कम्फर्ट असलेली बॅग मागितली.

भाड्याच्या बॅगेत आधी कोण झोपलं होतं कुणास ठाऊक, याची आक्कांना किळस होती. ती मला समजते. यावर उपाय त्यांनीच काढला. त्यांच्या आईच्या जुन्या सुती नऊवारीच्या त्यांनी मशीनवर अस्तराच्या तीन पिशव्या शिवल्या, खांद्यापर्यंत येतील अशा. साडी वापरून वापरून मऊ झालेली, घडी केली की मुठीत मावते. भाड्याच्या बॅगेत ही पिशवी घालायची आणि आपण तिच्यात शिरायचं. स्वच्छताही राहते आणि थोडी ऊबही वाढते. दुकानात अशी लायनर मिळतात, पण आक्कांच्या हातची पिशवी मी कुठल्याही लायनरशी बदलणार नाही.

भाडं कुठून घ्यावं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. भाच्याचं म्हणणं ऑनलाइन मागवू, घरी येईल, इथंच घालून बघू. ते खरं आहे, आणि माप अवघड असलेल्या माणसानं तसं करावंही. पण मग ते सगळं रेल्वेतून न्यायचं आणि परत आणायचं, आणि प्रवासाच्या दिवसांचंही भाडं भरायचं. देहरादूनलाही दुकानं आहेत. माझा कल पहिल्यापासून सांकरीकडे होता. त्या गावाचं बरंचसं पोट ट्रेकर्सवर चालतं. आपण त्यांच्या वाटांनी जाणार, त्यांच्या घरात राहणार, तर भाडंही तिथंच द्यावं. आम्ही ज्या स्थानिक गाइडशी ठरवलं होतं त्याला पंधरा दिवस आधी फोन करून मापं सांगितली, कारण दिवाळीच्या आठवड्यात गर्दी होते आणि लहान मापाची जॅकेटं, हातमोजे आधी संपतात.

सांकरीला पोचलो तेव्हा अंधारलं होतं. ते गाव सुमारे १,९२० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरपेक्षाही उंच, आणि ट्रेक अजून सुरूही झालेला नाही. हे ऐकून आक्का गप्पच झाल्या. सकाळी दुकानात गेलो. बॅग घेताना आम्ही ती पूर्ण उघडली, चेन दोन्ही बाजूंनी वरखाली केली, झटकून अंथरली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. चांगली बॅग फुगून वर येते, मेलेली बॅग चपटीच राहते. आतला पिसांचा भराव एका कोपऱ्यात गोळा झालाय का ते हातानं चाचपलं. पहिल्या तीनपैकी एक बदलून घेतली. दुकानातल्या मुलानं खळखळ न करता दुसरी काढली. ट्रेकिंग पोलची कुलपं आवळून अंगाचा भार टाकून बघितला. प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, फाटलेलं असेल तिथला जवळून, आणि तो त्या मुलालाही दाखवला. अनामत चिठ्ठीवर लिहून घेतली. हिवाळ्यात सांकरीहूनच केदारकंठा शिखरावर बर्फात जाणाऱ्यांनी इथंच मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे दाते) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) घ्यावेत. ते मात्र बूट घालूनच चढवून बघावेत, सैल असतील तर उतारावर निघून येतात.

डब्यातला ऑक्सिजन आम्ही घेतला नाही. तो काही मिनिटं पुरतो. उंचीचा त्रास झाला तर उपाय एकच, खाली उतरणं. त्याऐवजी निघण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासला आणि डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारलं. ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय ती गोळी घेऊच नये. पाळीची तारीख प्रवासात येणार होती, म्हणून पॅड जास्तीचे आणि वापरलेले परत आणायला काळी झिपची पिशवी. वर काहीही पुरायचं नाही, जाळायचं नाही, सगळं खाली आणायचं. याबद्दल बायका आपसातही बोलत नाहीत, म्हणून इथं लिहिते.

खाण्याच्या पिशवीत दिवाळी होतीच: चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, आणि शेंगदाण्याची चटणी. चकली मुद्दाम नेली नाही, तिचा चुरा होतो. वाटेतल्या गंगाड गावात ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या माउलीनं राजम्यासोबत आमची चटणी खाल्ली आणि आणखी मागून घेतली. स्वर्गारोहिणी शिखर, ओसला गावचं लाकडी मंदिर, सुपिन नदीचा आवाज याबद्दल लिहायचं आहे, पण ते वेगळं लिहीन.

ओळखपत्राच्या झेरॉक्स मात्र विसरू नका. नैटवाडला वनखात्याच्या चौकीवर गोविंद पशु विहार या अभयारण्याची नोंद आणि परवाना होतो, आणि तिथं ऐनवेळी झेरॉक्स शोधत फिरण्यात गाडी खोळंबते.

परतल्यावर सॅक धुऊन, वाळवून ज्यांच्या त्यांना दिल्या. जॅकेटं पुण्याला गेली. आमच्याकडे उरलं ते बूट, मोजे, आतले कपडे आणि साडीच्या तीन पिशव्या. बूट वर्तमानपत्र कोंबून कपाटात उघडे ठेवलेत, आणि दर रविवारी एकदा तरी घालतो.

आक्कांना आता मे महिन्यात दयारा बुग्याल, म्हणजे उत्तराखंडातलंच डोंगरावरचं गवताळ कुरण, बघायचंय. पुण्याहून ५ मेची गोवा एक्सप्रेस हवी असेल तर ती वास्कोहून ४ तारखेला निघेल, म्हणजे आरक्षण ५ मार्चला सकाळी आठ वाजता उघडेल. बरोबर यायचं असेल त्यांनी मला फेब्रुवारीतच सांगा, म्हणजे बूट घ्यायला आपण एकत्र जाऊ.